फाईलमध्ये काय होतं?

जुलै २००९. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचे माजी संचालक घरातले जुने कागद चाळत होते, त्यात एक फाईल निघाली. पोलीस, चौकशी समिती, वकील आणि मेलेल्यांचे नातेवाईक दोन वर्षांहून जास्त काळ जी शोधत होते, ती हीच. २००६ च्या सुरुवातीला केंद्र सोडताना आपल्या कागदांबरोबर ती चुकून घरी आली, असं त्यांनी सांगितलं.

फाईल ज्या विद्यार्थ्याची होती, त्याने १६ एप्रिल २००७ ला त्याच विद्यापीठात ३२ जणांना गोळ्या घालून मारलं आणि मग स्वतःचा जीव घेतला. मेलेल्यांत तामिळनाडूतून गेलेले जलविज्ञानाचे एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून वास्तुशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी गेलेली एक मुलगी होती. मारणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. ते शोधायला कुणाला कष्ट पडणार नाहीत आणि लिहून इथे काही जास्त उमगणारही नाही.

फाईल हरवली होती तोवर तिच्याविषयी वाटेल ते बोललं गेलं. तिच्यात सगळं लिहिलेलं असणार, डॉक्टरांना माहीत असणार, गोपनीयतेच्या नावाखाली दडवलं असणार. ऑगस्टमध्ये कागद जाहीर झाले. त्यात २००५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या तीन नोंदी होत्या, दोन फोनवरच्या आणि एक समोरासमोर भेटीची. मरावंसं वाटतं का, कुणाला मारावंसं वाटतं का, या प्रश्नांना मुलाने ‘नाही’ म्हटलेलं. बस. वरातीमागून घोडं आलं, तेही लंगडं.

अमेरिकेत सामूहिक गोळीबार झाला की आठवड्याभरात एक वाद उभा राहतो. मानसिक आजारांच्या नोंदी इतक्या गुप्त का ठेवायच्या? पोलिसांना, विद्यापीठांना, बंदूक विकणाऱ्या दुकानदाराला त्या दिसल्या असत्या तर माणसं वाचली नसती का? प्रश्न वेडगळ मुळीच नाही. ज्याचं पोर गेलं त्याने तर तो विचारायलाच हवा. फक्त त्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकाच पोत्यात कोंबलेले असतात. ते सोडवले की चित्र बरंच बदलतं.

एक दिवस आणि एक रात्र

पहिला प्रश्न असा की, एखाद्या मुलाचं काहीतरी बिनसलंय हे ज्यांना दिसतं, त्या लोकांनी एकमेकांशी बोलायचं की नाही.

हा मुलगा इंग्रजी विभागात शिकत होता. २००५ च्या शरद सत्रात त्याच्या कविता आणि वागणं बघून वर्गातली मुलं तासाला येईनाशी झाली. कवयित्री निकी जोव्हानी तो वर्ग घेत. हा मुलगा माझ्या वर्गात नको, असं त्यांनी विभागाला स्पष्ट कळवलं. विभागप्रमुख लुसिंडा रॉय यांनी मग त्याला एकट्याला शिकवायला घेतलं आणि विद्यार्थी कल्याण विभाग, समुपदेशन केंद्र, पोलीस अशा सगळ्यांकडे त्याच्याबद्दल काळजी कळवली.

१३ डिसेंबरला कॅम्पस पोलीस त्याच्या खोलीवर आले. एका विद्यार्थिनीने त्याच्या नकोशा निरोपांबद्दल तक्रार केली होती. समज देऊन पोलीस गेले. त्यानंतर त्याने बरोबर राहणाऱ्या मुलाला निरोप पाठवला, त्यात जीव देण्याची भाषा होती. त्या मुलाने पोलिसांना कळवलं. पोलीस परत आले आणि त्याला घेऊन गेले. स्थानिक मानसिक आरोग्य सेवेकडून तपासणी झाली. शेरा असा की मुलगा आजारी आहे, त्याच्यापासून त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे आणि तो आपणहून दाखल व्हायला तयार नाही. दंडाधिकाऱ्याने तात्पुरत्या ताब्याचा आदेश काढला. रात्र रुग्णालयात गेली. सकाळी दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने तपासून सांगितलं की आजार आहे, पण तातडीचा धोका नाही. लगेच सुनावणी झाली. विशेष न्यायाधीशाने ठरवलं की स्वतःच्या जिवाला धोका आहे, पण दाखल करायची गरज नाही, बाहेर राहून उपचार घ्यावेत. त्याच दुपारी तो विद्यापीठाच्या केंद्रात आला, बोलला, गेला. हीच ती फाईलमधली तिसरी नोंद. परत तो तिथे फिरकला नाही.

आता बघा, चोवीस तासांत पोलीस, दंडाधिकारी, रुग्णालय, न्यायाधीश आणि समुपदेशक, इतक्या जणांच्या हातून हा मुलगा गेला. न्यायाधीशाचा आदेश पाळला जातोय का, हे बघण्याची जबाबदारी नेमकी यांपैकी कुणाची, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आईवडिलांना तर यातलं काहीच कळवलं गेलं नाही. आणि हे तेच आईवडील, ज्यांनी १९९९ मध्ये कोलंबाईन शाळेतल्या गोळीबारानंतर मुलाच्या शाळेतल्या लिखाणात तसलंच काही करण्याची भाषा आली तेव्हा त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं होतं, औषधं सुरू केली होती. शाळेने त्याच्यासाठी वेगळी योजना आखली होती, कारण तो जवळजवळ बोलतच नसे. लहानपणापासूनचा तो आजारच होता. शाळा आणि घर मिळून त्याला सांभाळत होते. तो विद्यापीठात गेला आणि ती घडी मोडली. शाळेतलं काहीही विद्यापीठापर्यंत पोचलं नाही.

कायदा काय म्हणत होता

व्हर्जिनियाचे तेव्हाचे गव्हर्नर टिम केन यांनी नेमलेल्या चौकशी समितीने ऑगस्ट २००७ मध्ये अहवाल दिला. ‘गोपनीयतेच्या कायद्याने आमचे हात बांधले होते’ असं विद्यापीठातल्या अनेकांनी समितीला सांगितलं होतं. समितीने कायदे उघडून पाहिले, तेव्हा हात फारसे बांधलेले दिसलेच नाहीत. जून २००७ मध्ये तीन केंद्रीय मंत्र्यांनी राष्ट्राध्यक्षांना जो अहवाल दिला, त्याचाही सूर तोच होता. लोकांना कायदा नीट माहीत नव्हता आणि भीतीपोटी ते त्याच्या बऱ्याच अलीकडेच थांबत होते.

कायदे मुख्यतः दोन. १९७४ चा ‘फर्पा’ शैक्षणिक नोंदींसाठी. अठरा वर्षं पूर्ण झाली किंवा विद्यार्थी महाविद्यालयात गेला की नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, आईबापांचा नाही. दुसरा १९९६ चा ‘हिपा’. तो आरोग्याच्या नोंदींसाठी आहे आणि त्याचे गोपनीयतेचे नियम २००३ पासून लागू झाले. दोन्हींत दारं आहेत. जिवाला धोका असेल तर फर्पा माहिती द्यायला परवानगी देतो. गंभीर आणि जवळ आलेला धोका टाळण्यासाठी डॉक्टर पोलिसांना, घरच्यांना किंवा ज्याला धोका आहे त्याला सांगू शकतात, असं हिपात लिहिलेलं आहे.

आणखी एक साधी गोष्ट, जी ऐकून मला आधी खरी वाटली नव्हती. फर्पा नोंदींना लागू होतो, डोळ्यांना नाही. प्राध्यापकाने वर्गात जे स्वतः पाहिलं, ऐकलं, ते सहकाऱ्याला किंवा आईवडिलांना फोन करून सांगायला फर्पा आडवा येत नाही. ‘तुमचा मुलगा हल्ली कुणाशी बोलत नाही’ हे वाक्य म्हणजे नोंद नव्हे.

मग लोक गप्प का बसले? माझ्या मते यात कायद्यापेक्षा कचेऱ्यांचा स्वभाव जास्त आहे. सांगितलं आणि चुकलं तर खटला. नाही सांगितलं आणि काही झालं नाही, तर कुणी विचारत नाही. आपल्याकडचा कारकूनही ‘नियमात बसत नाही’ असं सांगतो, तेव्हा नियम उघडून बघितलेला असतोच असं नाही. २००८ च्या अखेरीस अमेरिकन शिक्षण खात्याने फर्पाचे नियम बदलून आणीबाणीच्या परवानगीची भाषा सैल केली. २०१३ च्या जानेवारीत आरोग्य खात्याने डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की हिपा तुम्हाला इशारा देण्यापासून अडवत नाही. म्हणजे जे आधीपासून चालत होतं, ते चालतं म्हणून सरकारला पत्र लिहावं लागलं.

बंदुकीच्या दुकानातला फॉर्म

दुसरा प्रश्न बंदुकीचा. अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घेताना एक फॉर्म भरतात आणि दुकानदार ‘निक्स’ नावाच्या यंत्रणेला नाव कळवतो. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. तिकडून उत्तर येतं ते ‘द्या’, ‘देऊ नका’ किंवा ‘थांबा’, इतकंच. कुणाला कसला आजार आहे हे दुकानदाराला दिसत नाही, यंत्रणेकडेही निदान पाठवायचं नसतं.

आणि या यादीत कोण असतं? मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणारा प्रत्येक जण? नाही. नैराश्याच्या गोळ्या घेणारा? नाही. आपणहून दाखल झालेला? तोही नाही. १९६८ च्या कायद्याप्रमाणे अडवलं जातं ते न्यायालयाने किंवा तशा अधिकाऱ्याने धोकादायक किंवा असमर्थ ठरवलेल्याला, नाहीतर सक्तीने दाखल केलेल्याला. म्हणजे डॉक्टरच्या फायलीचा या यादीशी जवळजवळ संबंध नाही. संबंध आहे तो न्यायालयाच्या आदेशाशी, आणि सुनावणीचा आदेश ही डॉक्टर-रुग्णांमधली खासगी गोष्ट नव्हे.

व्हर्जिनियातला मुलगा केंद्रीय व्याख्येत बसत होता, कारण न्यायाधीशाने त्याला स्वतःसाठी धोकादायक ठरवलं होतं. पण व्हर्जिनिया राज्य यादीकडे नावं पाठवायचं ती फक्त सक्तीने रुग्णालयात दाखल केलेल्यांची. बाहेर राहून उपचार घे म्हटलेल्यांची नाही. त्यामुळे २००७ च्या फेब्रुवारीत त्याने एक पिस्तूल आणि मार्चमध्ये दुसरं घेतलं, फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं आणि दोन्ही वेळा यंत्रणेने ‘द्या’ म्हटलं. इथे गोपनीयता कुठेच आडवी आली नव्हती. एका शब्दाचा अर्थ राज्याने एक लावला आणि केंद्राने दुसरा. घटनेनंतर दोन आठवड्यांच्या आत गव्हर्नरांनी आदेश काढून ते भोक बुजवलं.

इतर राज्यांची गत याहून वाईट होती. २००७ मध्ये निम्म्याहून जास्त राज्यं असल्या नोंदी पाठवतच नव्हती. पाठवा अशी सक्तीही करता येत नव्हती, कारण केंद्राने राज्याच्या अधिकाऱ्यांना असं कामाला जुंपू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवलं होतं. म्हणून जानेवारी २००८ मध्ये जो कायदा झाला, त्यात नोंदी पाठवणाऱ्या राज्यांना पैसे द्यायचे ठरले. त्यानंतर यादी पुष्कळ वाढली. हा उपाय मला रास्त वाटतो. व्याख्या अरुंद आहे, निर्णय न्यायालयाचा आहे, दाद मागायला वाव आहे.

पण यादी रुंद करायला लागलं की काय होतं, तेही बघू.

डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या सँडी हुक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर आठवड्याभरात बंदूकधारकांच्या संघटनेचे प्रमुख वेन लापिएर यांनी मागणी केली की मानसिक रुग्णांची देशव्यापी यादी करा. बंदुकांची यादी नको, रुग्णांची करा. वास्तविक सँडी हुकमध्ये ज्या बंदुका वापरल्या त्या मारणाऱ्याच्या आईने रीतसर घेतलेल्या होत्या. कितीही मोठी यादी असती तरी ती तिथे लागू पडली नसती.

न्यूयॉर्क राज्याने जानेवारी २०१३ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. एखादा रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करील असं वाटलं, तर डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका यांनी कळवायलाच हवं, अशी सक्ती केली. वर्ष-दीड वर्षात सुमारे ३४,५०० नावं जमा झाली. त्यातल्या ३०० जणांकडेही पिस्तुलाचा परवाना नव्हता. बाकीच्या हजारो लोकांची नावं, जे कदाचित ‘मला जगावंसं वाटत नाही’ एवढंच डॉक्टरला म्हणाले असतील, सरकारी यादीत जाऊन बसली. साप साप म्हणून भुई धोपटणं याहून वेगळं काय असतं?

याच्या नेमकं उलट एक गंमत २०१७ मध्ये झाली. आधीच्या सरकारने नियम केला होता की मानसिक आजारामुळे सरकारी भत्ता मिळतो आणि पैशाचा हिशोब दुसरं कुणी सांभाळतं, अशा लोकांची नावंही निक्सकडे जावीत. दरवर्षी अंदाजे ७५,००० नावं. याला बंदूकधारकांच्या संघटनेने विरोध केला, त्यात नवल नाही. पण नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी एसीएलयू आणि अपंगांच्या हक्कांच्या संघटनाही त्याच बाजूला उभ्या राहिल्या. त्यांचं म्हणणं इतकंच की बँकेचा हिशोब जमत नाही म्हणून माणूस हिंसक होत नाही. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस नियम रद्द झाला.

थोडा हिशोब

रुंद यादी का चालत नाही, हे कळायला पाटी-पेन्सिल पुरते. समजा दहा लाख वस्तीचं शहर आहे आणि त्यात सामूहिक हल्ला करू शकतील अशी दहा माणसं आहेत. खरं तर दहा फार झाली, पण धरू. समजा आपल्याकडे एक चाचणी आहे, जी शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर ओळखते. अशी चाचणी आज जगात कुणाकडे नाही, तरी तीही धरू. दहापैकी नऊ सापडतील. उरलेल्या ९,९९,९९० निरपराध माणसांत दहा टक्के चूक म्हणजे जवळपास एक लाख. यादी झाली एक लाख आठ जणांची, त्यात खरे नऊ. चाचणी शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर केली, तरी दहा हजार निरपराध आणि दहा खरे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर एक आणि संन्यासी हजार.

वर मानसिक आजार ही खूण म्हणून किती कामाची आहे? ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन यांनी हा विषय कित्येक वर्षं अभ्यासला. अमेरिकेतले सगळे गंभीर मानसिक आजार उद्या बरे झाले, तरी हिंसा साधारण ४ टक्क्यांनीच कमी होईल, असं त्यांचं गणित सांगतं. उरलेली दारू, संताप, गरिबी, लहानपणी खाल्लेला मार, हाताशी असलेली बंदूक यांतून येते. एफबीआयने २००० ते २०१३ मधल्या ६३ गोळीबार करणाऱ्यांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या फक्त एक चतुर्थांश लोकांचं हल्ल्याआधी कधीतरी मानसिक आजाराचं निदान झालं होतं. भ्रम किंवा भास होणारा आजार म्हणावा असे तिघेच. उलट जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत आसपासच्या माणसांना काहीतरी खटकलेलं होतं, सरासरी चार-पाच गोष्टी. निम्म्याहून जास्त जणांनी आपला बेत कुणाजवळ तरी बोलूनही दाखवला होता. माहिती होती, पण ती डॉक्टरच्या कपाटात नव्हती. ती मित्राच्या फोनमध्ये, बहिणीच्या कानात, कामावरच्या सोबत्याच्या डोळ्यांसमोर होती.

मानसिक आजार आणि बंदूक यांचा खरा घट्ट संबंध वेगळ्या ठिकाणी आहे, आणि त्यावर बातम्या होत नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातली २६,३२८ आत्महत्या होती. ज्यांना यादीची भीती घालून डॉक्टरपासून लांब ठेवायचं नाही, ती माणसं ही.

डॉक्टरने कधी बोलावं

तिसरा प्रश्न सगळ्यांत जुना. रुग्णाने खोलीत सांगितलेलं डॉक्टरने बाहेर सांगावं का? त्याची मुळं एका भारतीय विद्यार्थ्याच्या गोष्टीत आहेत.

१९६९. कॅलिफोर्नियात बर्कलेला शिकायला आलेला बंगालचा एक मुलगा तात्याना तारासॉफ नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. तिला त्यात रस नव्हता. तो खचला, विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाकडे जाऊ लागला आणि त्या उन्हाळ्यात तिथे म्हणाला की ती ब्राझीलहून परत आली की मी तिला मारणार. मानसशास्त्रज्ञाने हे हलक्यावर घेतलं नाही, कॅम्पस पोलिसांना लेखी कळवलं. पोलिसांनी मुलाला बोलावलं. तो शुद्धीवर वाटला, तिच्यापासून लांब राहीन असं वचन घेऊन त्यांनी सोडून दिलं. केंद्राच्या प्रमुखाने तर पोलिसांकडून ते पत्र परत मागवून कागद नष्ट करायला सांगितलं. मुलाने उपचार सोडले. त्याने तात्यानाच्या भावाबरोबर, तिच्या घराजवळ बिऱ्हाडही केलं. २७ ऑक्टोबरला त्याने तिला मारलं. तिला किंवा तिच्या आईवडिलांना कुणीही एका शब्दाने सावध केलं नव्हतं.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये अंतिम निकाल दिला. रुग्णापासून दुसऱ्याला गंभीर धोका आहे हे उपचार करणाऱ्याला कळलं किंवा कळायला हवं होतं, तर त्या माणसाला वाचवण्यासाठी वाजवी ते करणं हे त्याचं कर्तव्य आहे. लोकांवर संकट आलं की गोपनीयतेचं संरक्षण तिथे संपतं, अशा आशयाचं त्यातलं वाक्य पुढे अमेरिकेतल्या मानसशास्त्राच्या वर्गांत घोकलं गेलं. त्या मुलाची शिक्षा मात्र ज्यूरीला दिलेल्या सूचनांतल्या चुकीमुळे रद्द झाली होती आणि भारतात परत जाण्याच्या अटीवर त्याला सोडण्यात आलं.

यानंतर बहुतेक राज्यांनी आपापले कायदे केले. काहींत सांगणं बंधनकारक, काहींत सांगायची मुभा. २०१४ मध्ये एका अर्थशास्त्रीय अभ्यासात निघालं की जिथे बंधन केलं तिथे खुनांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेलं दिसतं. कारण असं सुचवलं गेलं की रुग्ण बोलेनासे होतात आणि डॉक्टर असे रुग्ण घ्यायला कचरतात. एका अभ्यासावर मी घर बांधणार नाही. पण रुग्ण तोंड मिटून बसला तर काय होतं, ते कळायला अभ्यासाची गरजही नाही. ज्या दाराआड माणूस खरं बोलतो, ते एकच दार उरलेलं असतं.

म्हणून या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तारासॉफच्या आसपासच सापडतं. नाव घेऊन धमकी असेल, बेत असेल, दिवस जवळ असेल तर सांगावं, आणि ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला आधी सांगावं. ‘हा माणूस मला बरा वाटत नाही’ एवढ्यावर फाईल उघडू नये. कोलोरॅडोतल्या ऑरोरा शहरात जुलै २०१२ मध्ये सिनेमागृहात १२ जणांना मारणाऱ्याच्या डॉक्टरांनी आधीच कॅम्पस पोलिसांना कळवलं होतं. पण कुणाला आणि कधी, हे त्याने सांगितलं नव्हतं आणि तो तोवर विद्यापीठ सोडत होता. असं प्रकरण कायद्याच्या कुठल्याही ओळीत नीट बसत नाही, हे कबूल करायला हवं.

व्हर्जिनिया टेक जुनं झालं म्हणावं, तर मेन राज्यातलं लुइस्टन घ्या. २५ ऑक्टोबर २०२३ ला लष्कराच्या राखीव दलातल्या एकाने १८ जणांना मारलं. तो त्याच जुलैत दोन आठवडे मानसोपचाराच्या रुग्णालयात होता. वरिष्ठांना माहीत होतं. घरच्यांनी आधीच पोलिसांना सांगितलं होतं. सप्टेंबरमध्ये एका सोबत्याने वरिष्ठाला स्पष्ट मेसेज केला होता की हा गोळीबार करील असं मला वाटतं. पोलीस दारापर्यंत गेले, त्याने दार उघडलं नाही, ते परत आले आणि बंदुका काढून घेण्याचं काम घरच्यांवर सोपवलं गेलं. स्वतंत्र आयोगाने २०२४ मध्ये म्हटलं की त्याला ताब्यात घ्यायला पुरेसा आधार शेरीफच्या खात्याकडे तेव्हा होता. २००५ मध्ये ब्लॅक्सबर्गला, म्हणजे व्हर्जिनिया टेकच्या गावी, जे झालं, तेच.

काही राज्यांनी यावर वेगळा रस्ता धरला आहे. कनेक्टिकटने १९९९ मध्ये, इंडियानाने २००५ मध्ये आणि फ्लोरिडाने २०१८ च्या पार्कलँड शाळेतल्या हत्याकांडानंतर असे कायदे केले. पोलीस, आणि काही राज्यांत घरचेही, न्यायाधीशाकडे जाऊन सांगू शकतात की हा माणूस सध्या धोकादायक वागतोय, त्याच्या बंदुका काही काळ काढून घ्या. इथे विचारलं जातं ते अलीकडचं वागणं. निदान काय आणि फाईलमध्ये काय, हा मुद्दाच नसतो. आदेश मुदतीचा असतो आणि माणसाला न्यायालयात आपली बाजू मांडता येते. बंदुकीच्या हक्काचे कैवारी यावर चिडतात, आणि पोकळ तक्रारीची भीती खोटीही नाही. तरी मला हे यादीपेक्षा बरं वाटतं.

आपल्या घरातली बाजू

भारतात बंदुकीचा प्रश्न तसा नाही, पण फाईलचा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. त्याचं २३ वं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती द्यायची सवलतही ठेवतं, पण त्या धोक्यापुरतीच. २४ वं कलम प्रसारमाध्यमांना रुग्णाच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा माहिती द्यायला मनाई करतं. कागदावर हे छान आहे. आपल्याकडे खरी गळती होते ती कागदाबाहेर, लग्न जमवताना ‘मुलाला कसल्यातरी गोळ्या चालू आहेत म्हणे’ या एका वाक्यात. ‘याला येरवड्याला पाठवा’ हा अजून आपल्याकडे विनोद आहे.

आणि हीच भीती घेऊन मुलं अमेरिकेला जातात. व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो की, तुम्हाला असा शारीरिक किंवा मानसिक आजार आहे का, ज्यामुळे तुमच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेला धोका आहे. प्रश्न धोक्याचा आहे, आजाराचा नाही. पण पुण्या-नाशकातल्या घरात तो ‘डॉक्टरकडे गेलात तर व्हिसा गेला’ असा वाचला जातो आणि तिथे पोचल्यावरही मूल समुपदेशन केंद्राची पायरी चढत नाही.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा ओहायोत शिकतो. मागच्या हिवाळ्यात तीन आठवडे त्याने घरी धड फोन केला नाही. ताईने विद्यापीठाला ईमेल केली. शिष्टाचाराचं उत्तर आलं की विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय काही सांगता येत नाही. ती माझ्यावरच चिडली, ‘फी आम्ही भरायची आणि पोर जिवंत आहे का तेही विचारायचं नाही?’ तिला मी फर्पा समजावला. अमेरिकन करात मूल अवलंबून असेल तर विद्यापीठ पालकांना माहिती देऊ शकतं, पण आपल्यासारख्यांना ती सवलत सहसा लागू होत नाही. जिवाचा प्रश्न असेल तर ते सांगू शकतात. आणि एक साधा संमतीचा फॉर्मही असतो. विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात त्यावर सही केली, तर पुढे आईबापांशी बोलायला विद्यापीठ मोकळं असतं. समुपदेशन केंद्राचा वेगळा, त्यात काय सांगायचं आणि काय नाही हेही लिहिता येतं.

पोरगं ठीक होतं. परीक्षा, थंडी, आणि एक बिघडलेली मैत्री. उन्हाळ्यात घरी आला तेव्हा ताईने जेवताना तो फॉर्मचा विषय काढला. त्याने ताटातून वर न बघता विचारलं, “का? मी काय वेडा झालोय का?”